सिस्टर कोरिटा आणि मांजरपाटाच्या पताका

२८ एप्रिल २०२४ हा रविवार होता. सकाळच्या दोन्ही मिस्सा आणि दुपारचे बाप्तिस्मे आटोपून रात्री जरा निवांत बसलो असता, पोप फ्रान्सिस यांनी त्याच दिवशी व्हेनिस येथे कलावंतांपुढे केलेले भाषण माझ्या वाचनात आले. व्हेनिसच्या सुप्रसिद्ध द्वैवार्षिक कलाप्रदर्शनाला भेट देणारे ते पहिलेच पोप. आणि भेट दिली ती कोठे, तर जुदेक्का बेटावरील स्त्रियांच्या तुरुंगात. कारण व्हॅटिकनने आपले दालन त्या वर्षी तेथेच मांडले होते. भाषणात त्यांनी तीन स्त्री-कलावंतांचा नावाने उल्लेख केला: फ्रिडा काहलो, कोरिटा केंट आणि लुईझ बुर्ज्वा. पहिल्या आणि तिसऱ्या नावांशी माझा परिचय ऐकीव म्हणावा इतकाच. दुसऱ्या नावापाशी मात्र मी थबकलो.

कारण ते नाव मला ठाऊक होते आणि त्याच्याशी माझे एक हसणे निगडित होते. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात असताना ग्रंथालयातील एक रंगीबेरंगी इंग्रजी पुस्तक आम्हां चौघा-पाच जणांच्या हाती लागले होते. त्यात कोण्या ‘सिस्टर कोरिटा’ हिची छापचित्रे होती. एका चित्रात लाल, नारिंगी, पिवळ्या रंगांत भलीथोरली अक्षरे होती आणि ती अक्षरे ‘टोमॅटो’ हा शब्द सांगत होती. खाली बारीक अक्षरांत आशय असा, की पवित्र मरिया ही सर्वांत रसाळ टोमॅटो होय. आम्ही पोट धरून हसलो. नंतर कित्येक दिवस स्वयंपाकघरातून टोमॅटोची टोपली आली, की कोणीतरी हळूच ‘नमो मरिये’ म्हणे आणि पुन्हा हशा पिके. त्या हसण्यात अश्रद्धा नव्हती. परंतु त्यात जाणण्याची इच्छाही नव्हती, हे आज कबूल केले पाहिजे.

पोपमहाशयांनी ज्या स्त्रीचे नाव आदराने घेतले ती हीच. मग मी तिच्याविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि वाचता वाचता मला माझ्या धर्मग्रामातील एक जुनी गोष्ट आठवू लागली, जी मी विसरलो आहे असे मला वाटत होते. ती पुढे सांगतो.

कोरिटाचे मूळ नाव फ्रान्सेस एलिझाबेथ केंट. जन्म २० नोव्हेंबर १९१८, अमेरिकेतील आयोवा राज्यात. सहा भावंडांतील ती पाचवी. कुटुंब पुढे कॅनडामार्गे लॉस एंजेलिस येथे आले. १९३६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ती मरियेच्या निष्कलंक हृदयाच्या भगिनींच्या धर्मसंघात दाखल झाली आणि सिस्टर मेरी कोरिटा झाली. हा शिक्षिकांचा संघ होता. तिनेही आधी लहान मुलांना शिकविले आणि मग संघाच्या स्वतःच्या महाविद्यालयात, इमॅक्युलेट हार्ट कॉलेजमध्ये, ती कला शिकवू लागली. शिकवितानाच तिने कलेच्या इतिहासात पदव्युत्तर पदवी घेतली. तिला पडदाछपाईचे तंत्र दाखविले ते मारिया सोदी या बाईंनी; मेक्सिकोचे भित्तिचित्रकार आल्फ्रेदो रामोस मार्तिनेस यांच्या त्या विधवा. एका स्त्रीने दुसरीला हाताने करून दाखविलेली ही विद्या, मग तिने शेकडो जणींच्या हातांत दिली.

ही पडदाछपाई म्हणजे काही परदेशी गूढ नव्हे. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि सणाचे फलक छापणारे ज्याला ‘स्क्रीन प्रिंटिंग’ म्हणतात तेच ते. लाकडी चौकटीवर रेशमाची वा नायलॉनची जाळी ताणून बसवायची. चित्राचा जो भाग नको तो बुजवून टाकायचा. चौकट कागदावर टेकवायची. वर रंग ओतून रबराच्या पट्टीने एका दमात ओढायचा. मोकळ्या छिद्रांतून रंग खाली उतरतो. एका रंगाला एक पडदा. दुसरा रंग हवा असेल तर पहिला वाळेपर्यंत थांबून दुसरी चौकट नेमकी त्याच जागी बसवायची. तसूभर चूक झाली तर चेहऱ्यावरचे डोळे गालावर उतरतात. वाचकांपैकी ज्यांनी हे काम पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल, की हे एकट्याचे काम नव्हेच. एकीने पट्टी ओढायची, दुसरीने चौकट उचलायची, तिसरीने ओला कागद अलगद काढून वाळत घालायचा, चौथीने नवा कागद सरळ मांडायचा. तैलचित्र एकट्याच्या खोलीत जन्मू शकते. हे चित्र रांगेत जन्मते, मठातल्या स्वयंपाकघरासारखे.

कोरिटाला छपाईसाठी वर्षातून मिळत ते ऑगस्टमधील सुमारे तीन आठवडे. उन्हाळी वर्ग संपलेले आणि नवे सत्र सुरू व्हायचे असे. महाविद्यालयासमोरच्या रस्त्यापलीकडील एका साध्या जागेत धर्मभगिनी आणि विद्यार्थिनी मिळून वर्षभराची चित्रे त्या दिवसांत छापून काढीत. वर्षभर शिकवणे, उत्तरपत्रिका, प्रार्थना, संघाची कामे. आणि मग हे तीन आठवडे. एवढ्याशा अवकाशातून, आणि पुढील आयुष्यात, तिच्या हातून सुमारे आठशे छापचित्रे झाली. किंमत ती मुद्दाम कमी ठेवी, म्हणजे शिक्षकाला आणि कारकुनालाही भिंतीवर एखादे लावता यावे. १९५२ साली लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाच्या स्पर्धेत तिच्या एका चित्राला पहिले पारितोषिक मिळाले. विषय होता देवदूताने मरियेला केलेल्या अभिवादनाचा. तोवर तिची चित्रे पवित्र विषयांची, गर्द रंगांची, जुन्या चर्चच्या काचचित्रांची आठवण देणारी असत.

१९६२ साली त्याच शहरात अँडी वॉरहॉल या तरुण चित्रकाराचे प्रदर्शन भरले. त्यात डबाबंद सुपाच्या डब्यांची चित्रे होती, दुसरे काही नाही. बहुतेकांनी नाके मुरडली. ही धर्मभगिनी मात्र ते पाहून आली आणि तिला आपली वाट दिसली. ‘वंडर ब्रेड’ नावाचा पाव अमेरिकेत घरोघरी खाल्ला जाई. त्याच्या वेष्टनावर लाल, पिवळे, निळे ठिपके असत. कोरिटाने ते ठिपके घेतले आणि पाहणाऱ्याला त्यांत ओस्ती दिसू लागली. दुकानातला पाव आणि वेदीवरला पाव यांच्यात किती अंतर आहे, हा प्रश्न तिने विचारला. मी गेली कित्येक वर्षे प्रभुभोजनाच्या वर्गात मुलांना तीच गोष्ट सांगत आलो आहे. मात्र मला कधी बेकरीत जाऊन पाहण्याचे सुचले नाही. आपल्या विद्यार्थिनींना ती पुठ्ठ्याला एक चौकोनी भोक पाडून देई आणि त्यातून रस्ता, पेट्रोल पंप, किराणा दुकानाचे फलक पाहायला पाठवी. एवढ्याशा चौकोनातून पाहिले म्हणजे रोजचे जग अनोळखी वाटू लागते आणि मग दिसू लागते.

आता टोमॅटोविषयी. ते चित्र १९६४ सालचे. टोमॅटोचा सॉस विकणाऱ्या एका कंपनीच्या जाहिरातीतून त्यातील शब्द आले आणि मरियेला लावलेली उपमा एका प्राध्यापकाने लिहिलेल्या पत्रातून. युक्तिवाद असा, की शतकानुशतके आपण तिला गूढ गुलाब म्हणतो, हस्तिदंती मनोरा म्हणतो. या उपमा कोणा एका काळी ताज्या होत्या, आज त्या नुसत्या ओठांवरून जातात. मग आजच्या बाजारातील शब्द का नको? अडचण एवढीच, की अमेरिकन बोलीत ‘टोमॅटो’ हा शब्द देखण्या तरुणीसाठी थोडा उथळपणे वापरला जाई. लोक दुखावले. मला विचाराल तर ते दुखावणे अगदीच निराधार नव्हते. उपमा देणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या कानाचाही विचार करावा. पण ज्यांनी ती निंदा ठरविली त्यांनी चित्र शेवटपर्यंत वाचले असेल, असे मला वाटत नाही. आम्ही सेमिनरीतल्या पोरांनी तरी कुठे वाचले होते? आपल्याकडे अँजेलो द फोन्सेका यांनी मरियेला साडी नेसविली तेव्हा गोव्यात त्यांच्या वाट्याला काय आले आणि ते पुण्याला येऊन का राहिले, हे जाणत्या वाचकांना आठवेल.

त्याच १९६४ साली महाविद्यालयातील मरियेच्या सणाचा कायापालट झाला. पूर्वी काळ्या वेषातील मुली रांगेने स्तोत्रे गात जात. कोरिटा आणि तिच्या सहकारी भगिनींनी तो दिवस फुलांचे हार, रंगविलेली खोकी, बाजारातील फलकांची मोठमोठी अक्षरे, ढोल आणि पताका यांनी भरून टाकला. जगातील भूक आणि शांती हे विषय मरियेच्या सणात आले. खोकी कोणी रंगविली, अक्षरे कोणी कापली, याची नोंद कोणाच्याही नावे नाही. सगळ्यांनी मिळून केली. त्या वर्गाने मिळून तयार केलेले दहा नियम आज जगभरच्या कलाशाळांच्या भिंतींवर लटकतात आणि गंमत म्हणजे पुष्कळ ठिकाणी ते एका प्रसिद्ध पुरुष संगीतकाराच्या नावावर खपतात.

येथे मला आमच्या गावाकडे वळणे भाग आहे.

मी नव्यानेच एका धर्मग्रामाचा प्रमुख झालो होतो. आमच्या मठात एक सिस्टर होत्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, शाळेत चित्रकला आणि शिवण शिकविणाऱ्या. त्यांनी गावातील लग्नपत्रिका छापणाऱ्या कारागिराला गाठले, त्याच्याकडून जुन्या चौकटी मागून आणल्या आणि युवतींच्या मंडळाला छपाई शिकविली. ८ सप्टेंबरच्या सणासाठी पंधरा-सोळा मुलींनी मांजरपाटावर तीसेक पताका छापल्या. तीच आकृती, दोन रंग: लाल लुगडे नेसलेली, डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली, अनवाणी चाललेली एक बाई आणि तिच्या मस्तकाभोवती पिवळे वलय. पाटीत वांगी, भेंडी, केळीचे घड. शनिवारी रात्री त्यांनी त्या चर्चच्या आवारात दोरीला लावल्या. पहाटे बाजाराला निघालेल्या आपल्या आयांना त्यांनी त्यात रेखाटले होते, हे मला तेव्हाही कळले होते.

सकाळी सहा वाजता दोन ज्येष्ठ गृहस्थ माझ्या दारात आले. देवमातेला भाजीवाली केली, म्हणाले. लोक मिस्सेला येण्यापूर्वी काहीतरी करा. मी तासभर विचार केला असे सांगायला मला आवडले असते. मी पाच मिनिटेही विचार केला नाही. साक्रिस्तनला सांगून पताका उतरविल्या आणि घडी करून मठाच्या ओसरीवर ठेवायला लावल्या. मुलींना विचारले नाही. सिस्टरांना मिस्सेनंतर कळविले. त्या म्हणाल्या, “बरं, फादर.” एवढेच. त्या दिवशी मी मरियेच्या नम्रतेवर प्रवचन दिले.

लॉस एंजेलिसमध्ये जे घडले ते अर्थातच फार मोठे होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या ऑक्टोबरात व्रतस्थांच्या जीवनाच्या नूतनीकरणाविषयीचा आदेश काढला आणि प्रत्येक संघाला आपल्या मूळ प्रेरणेकडे पाहून नियम तपासण्यास सांगितले. या भगिनींनी ते मनावर घेतले. १९६७ च्या महासभेत त्यांनी ठरविले, की वेष, प्रार्थनेची वेळ आणि सेवेचे क्षेत्र यांविषयी प्रत्येकीला विवेकाने निवड करता यावी. आणखी एक मागणी होती, जिच्याकडे वृत्तपत्रांचे फारसे लक्ष गेले नाही. पण ती मला सर्वांत न्याय्य वाटते. शिक्षण अपुरे असताना तरुण भगिनींना खच्चून भरलेल्या वर्गांवर पाठवू नये. आधी त्यांना पदवी पूर्ण करू द्यावी, आणि वर्ग लहान असावेत. धर्मप्रांताच्या शाळा स्वस्तात चालतात त्या कोणाच्या कष्टांवर, हा प्रश्न त्यात होता. शाळा चालविणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना तो प्रश्न ऐकायला नेहमीच जड जाते.

तेथील कार्डिनल मॅकइन्टायर यांना हे मान्य नव्हते. त्यांच्याविषयी न्यायाने बोलायचे तर, झपाट्याने वाढणाऱ्या त्या महाधर्मप्रांतात त्यांनी मोठ्या संख्येने शाळा उभ्या केल्या. दीक्षेपूर्वी ते न्यू यॉर्कच्या आर्थिक जगात काम केलेले गृहस्थ होते आणि हिशेबाची शिस्त त्यांच्या हाडात होती. परंतु आज्ञापालन म्हणजे संवाद संपणे, अशी त्यांची धारणा दिसते. कोरिटाची चित्रेही त्यांना खटकत आलीच होती. रोमनेही समान वेष, सामुदायिक प्रार्थना, शिक्षणकार्य आणि बिशपांशी सहकार्य या चार गोष्टींवर बोट ठेवले. अखेर १९७० साली तीनशेहून अधिक भगिनींनी व्रतमुक्ती मागून घेतली आणि अनिता कॅस्परी यांच्या नेतृत्वाखाली सामान्य प्रापंचिकांचा एक नवा समुदाय स्थापन केला. पन्नासेक जणी जुन्या स्वरूपात राहिल्या. एकाच भोजनगृहात वाढलेल्या स्त्रिया अशा दोन वाटांनी गेल्या. यात कोण जिंकले, हे सांगणारा लेख मला अजून पटला नाही.

कोरिटा त्याआधीच बाहेर पडली होती. १९६७ च्या नाताळात ‘न्यूजवीक’ने तिला मुखपृष्ठावर आधुनिक धर्मभगिनी म्हणून छापले, व्याख्याने, प्रदर्शने, टीकेची पत्रे यांनी ती थकून गेली होती. १९६८ साली विश्रांतीसाठी म्हणून ती पूर्वेकडे गेली आणि परतली नाही. ऐन पन्नाशीत, बत्तीस वर्षांच्या व्रतस्थ जीवनानंतर, बॉस्टनमध्ये तिने पहिल्यांदाच स्वतःचे घर मांडले. तेव्हाच्या चित्रमालिकेला तिने ‘हीरोज अँड शीरोज’ असे नाव दिले. ‘हीरो’ शब्दातील ‘ही’ काढून ‘शी’ घातलेला. त्यात मार्टिन ल्यूथर किंग आहेत, व्हिएतनामचे युद्ध आहे, तुरुंगात जायला तयार झालेले बेरिगन बंधू आहेत. त्यापूर्वी १९६५ साली लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत कृष्णवर्णीयांचा उद्रेक झाला, तेव्हाही तिने त्या दिवसाच्या वृत्तपत्राचे पहिले पान घेऊन त्याला एका धर्मगुरूचे शब्द जोडले होते.

‘स्त्रीवाद’ हा शब्द आपल्या घरांत अजूनही थोडा दारातच उभा असतो, म्हणून मी तो जपून वापरतो. पण एक योगायोग सांगतो. तरुणपणी कोरिटा ज्या शुनार्ड कलासंस्थेत शिकली, तिच्याच रिकाम्या इमारतीत १९७३ साली ‘वुमन्स बिल्डिंग’ उघडली. जूडी शिकागो, शीला द ब्रेटव्हिल आणि आर्लीन रेव्हन या तिघींनी ती स्थापिली. द ब्रेटव्हिल यांनी तेथे स्त्रियांसाठी छापखाना काढला, जेथे स्त्रिया स्वतःचे अनुभव स्वतः छापीत. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ साली, जूडी शिकागो आणि मिरिअम शापिरो यांनी विद्यार्थिनींसह हॉलिवूडमधील एक पडके घर दुरुस्त करून त्याच्या खोल्याखोल्यांत स्त्रीच्या जीवनाची चित्रे मांडली होती. स्त्रियांनी एकत्र येऊन, नाव न लावता, घरगुती आणि बाजारी वस्तूंतून कला करणे याला इतिहासकारांनी तेव्हा नवी चळवळ म्हटले. त्याच परिसरातील टेकडीवरच्या एका मठात काळ्या वेषातील बायका हे दहा वर्षे करीत होत्या. त्यांची दखल घ्यायला बराच काळ लागला. बहुधा त्या कलेच्या लोकांना फार धार्मिक आणि धर्माच्या लोकांना फार कलंदर वाटल्या असाव्यात.

पुढचे थोडक्यात. १९७१ साली बॉस्टनच्या वायूच्या सुमारे दीडशे फूट उंच टाकीवर तिच्या आराखड्यानुसार इंद्रधनुष्याचे पट्टे रंगविले गेले. निळ्या पट्ट्यात व्हिएतनामच्या हो चि मिन्ह यांचा चेहरा दडला आहे, असा गवगवा झाला आणि तिने तो नाकारला. १९७४ मध्ये तिला कर्करोगाचे निदान झाले. तेव्हापासून ती शांत जलरंगांकडे वळली. १९८५ साली तिने रेखलेले ‘लव्ह’ हे टपाल तिकीट निघाले आणि सत्तर कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्याचे अनावरण एका दूरदर्शन मालिकेच्या सेटवर झाले म्हणून ती समारंभाला गेली नाही. तिला ते संयुक्त राष्ट्रांत व्हावे असे वाटत होते. १८ सप्टेंबर १९८६ रोजी ती वारली. आपली चित्रे तिने ठेवली ती त्याच भगिनींच्या समुदायाकडे.

आणि २०२४ साली व्हॅटिकनने तिची चित्रे व्हेनिसला नेली. तुरुंगातील उपाहारगृहाच्या भिंतींवर ती लागली. येणाऱ्यांना प्रवेशद्वाराशी भ्रमणध्वनी ठेवावा लागे आणि दालन दाखवीत त्या तेथील बंदिवान स्त्रियाच.

हे सारे वाचून झाल्यावर एका दुपारी मी सिस्टरांना भेटायला गेलो. आता त्या निवृत्त भगिनींच्या मठात असतात. गुडघे गेले आहेत, नजर मात्र तल्लख. मी टोमॅटोच्या चित्राची एक छापील प्रत नेली होती. त्यांनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली, आणि म्हणाल्या, “रंग चांगला बसलाय. पट्टी ओढणारीचा हात स्थिर असला पाहिजे.” मग मी पताकांचा विषय काढला. क्षमा मागायची होती. ती कशी मागावी हे ठरवून गेलो होतो, पण वाक्य अर्ध्यावरच राहिले. त्यांनी हात हलवून मला थांबविले.

“टाकल्या नाहीत हो आम्ही,” त्या म्हणाल्या. “मांजरपाट चांगला होता, फादर, सोळा जणींनी पैसे काढून आणलेला. मुलींनी त्याच्या पिशव्या शिवल्या. धर्मशिक्षणाच्या पुस्तकांना.”

त्या पिशव्या मला आठवत होत्या. पांढऱ्या, लांब बंदांच्या. रविवारी वर्गाला येणाऱ्या मुलांच्या खांद्यांवर मी त्या काही वर्षे पाहिल्या होत्या. पण त्यांवर चित्र कधी दिसले नव्हते.

“चित्र आतल्या बाजूला घेऊन शिवल्या,” सिस्टर म्हणाल्या. “तुम्हांला दिसू नये म्हणून नव्हे, फादर. बाहेर ठेवलं तर मळलं असतं.”